हयातीचे दाखले इथे मिळत नाहीत

३ फेब्रुवारी, सोमवार

आज नव्या जागी रुजू झाले. नवी म्हणजे मला नवी. इमारत माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे आणि तब्येत साधारण माझ्यासारखीच: बाहेरून बरी, आतून ओल आलेली. पण मन प्रसन्न झालं. तीस वर्षं एकाच टेबलावर आवक-जावक लिहिल्यावर माणसाला पायऱ्या चढायला मिळाल्या तरी आनंद होतो.

आमच्या विभागाचं नाव ‘तात्पुरता वापर’. विभाग म्हणजे साहेब, एक टंकलेखक आणि मी. सरकारी इमारत बंद पडते, तिच्या जागी काहीतरी मोठं व्हायचं ठरतं, नकाशे मंजुरीला जातात आणि जातात ते जातातच. तोवर दोन-चार वर्षं इमारत नुसती उभी. लोक नळ काढून नेतात, काचा फोडतात, कबुतरं संसार थाटतात. म्हणून खोल्या ज्यांना जागेची नड आहे त्यांना वापरायला द्यायच्या, अठरा महिन्यांच्या बोलीवर. याआधी विभागाने एका दवाखान्यात नाटकाच्या तालमी घेतल्या आणि अग्निशमन केंद्रात सायकल दुरुस्ती शिकवली. ही इमारत पेन्शन कचेरीची. कचेरी चार वर्षांपूर्वी गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या जागेत गेली.

फाटकावर पहारेकरी आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात म्हणून मीही. काकांनी तारेत ओवलेल्या एकेचाळीस किल्ल्या दिल्या. त्यांतल्या एकोणीस लागल्या. काका आत आले नाहीत, पायरीवरूनच कुठली किल्ली कुठली ते सांगत राहिले. गुडघे दुखतात म्हणाले.

खाली मोठा दालनवजा हॉल, त्यात लाकडी बाकांच्या सहा रांगा आणि समोर जाळीच्या पाच खिडक्या. वर दफ्तराच्या खोल्या. मी तिसऱ्या खिडकीमागे बसायचं ठरवलं, कारण विजेचा चालू प्लग तिथेच आहे. लेकीचा फोन आला. तिला सांगितलं, तुझ्या आईला आता स्वतःची खिडकी आहे. ती म्हणाली, दोन वर्षं राहिलीत, आजच राजीनामा दे आणि इकडे राहायला ये. दर सोमवारी म्हणते. मी दर सोमवारी हसते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडा झाडण्यात गेला. पण दोन बिऱ्हाडं लागली.

वरच्या उत्तरेकडच्या खोलीत एक चित्रकार आला. वय एकतीस. घरी दीड खोली, त्यात बायको आणि आठ महिन्यांची मुलगी, त्यामुळे चित्रं पलंगाखाली आणि तो पलंगावर. त्याचे वडील त्याला चिडून रंगारी म्हणतात. मग तुम्हीही तेच म्हणा म्हणाला, सवय आहे. खिडकीतला उजेड बघून तो इतका हरखला की मला उगाच आपणच सूर्य आणून दिल्यासारखं वाटलं.

खालच्या मागच्या खोलीत शिवणबाई आणि त्यांची धाकटी जाऊ. सहा मशीन, बाकीच्या चार बायका सकाळी येतात. हॉस्पिटलचे गाऊन शिवतात. शिवणबाईंचा आवाज दणदणीत. जाऊ एकदम मऊ, धागा तोडतानाही जणू धाग्याची परवानगी घेते. दोघींचं जमतं. जावा-जावांचं इतकं जमलेलं मी प्रथमच बघतेय, असं म्हटलं तर शिवणबाई म्हणाल्या, दोघींची सासू एकच होती ना, तिने जमवून दिलं.

दुपारी मशीनींचा आवाज हॉलमध्ये येतो. बरं वाटतं. घरी तेवढाही आवाज नसतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साडेअकराला एक आजोबा आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, पॉलिश केलेले बूट, हातात काठी. सरळ तिसऱ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, हयातीचा दाखला हवा. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असं लिहून घ्यावं लागतं, तो. मी समजावलं की कचेरी हलली, बस कुठली धरायची तेही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. एकपर्यंत बसले. मग दिसले नाहीत.

मी काकांना म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला फाटकातच सांगत जा, उगाच आत हेलपाटा कशाला. काका म्हणाले, बरं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजोबा कालही आले, आजही आले. तोच सदरा, तेच वाक्य, तोच बाक. चिडत नाहीत, हुज्जत घालत नाहीत. नुसतं बसतात. पाय सुजलेत, बुटांच्या वर मांस आलंय. मी आज त्यांना पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात धरला आणि जाताना तसाच भरलेला ठेवून गेले.

टेबलाच्या खणात जुन्या फॉर्मांचा गठ्ठा सापडला. सोबत शिक्का, शाईचं पॅड. पॅड चार वर्षांनी वाळायला हवं होतं. ओलं आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काय लिहू. आधी सकाळचं लिहिते.

आजोबा आले. रात्री मला झोप नव्हती, डोकं ठणकत होतं, आणि त्या पायांकडे बघवेना. मनात म्हटलं, कुणाचं काय जातंय. फॉर्म काढला, त्यांनी सांगितलेलं नाव आणि पत्ता लिहिला. खाली छापलेलंच आहे: ‘सदर व्यक्ती आज माझ्यासमोर हजर झाली असून हयात आहे.’ सही केली, शिक्का मारला, स्थळप्रत फाडून ठेवली. अकरा चाळीस झाले होते. आजोबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. इतकं सुटल्यासारखं कुणी माझ्याकडे कधी बघितलं नाही. नोकरीत एक काम चांगलं झालं असं वाटलं.

दोन वाजता शिवणबाईंची जाऊ रंगाऱ्याला चहा द्यायला वर गेली. तो खुर्चीत बसलेला होता, ब्रश हातात. ती दोनदा हाक मारून मग पुढे गेली. डॉक्टर आले, म्हणाले हृदय, दोन-अडीच तास झाले असावेत. एकतीस वर्षांचं हृदय.

त्याची बायको आली तेव्हा मुलगी कडेवर होती. मुलगी सगळ्यांकडे बघून हसत होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रंगाऱ्याला पोचवून आठवडा झाला. वरची खोली मी अजून उघडलेली नाही. उजेड तिथे तसाच पडत असणार.

आज झाडताना पहिल्या बाकामागे आजोबांची काठी सापडली. त्या दिवसानंतर ते आलेच नव्हते. काठीवाचून कसे गेले असतील या विचाराने स्थळप्रतीवरचा पत्ता घेतला आणि दुपारी निघाले. दोन बस बदलून पोचले. दुसरा मजला, बाहेर चपलांचं कपाट, दारावर लहान मुलाच्या अक्षरात नावं.

सुनेने दार उघडलं. काठी पाहून तिचा चेहरा उतरला. मला आत न घेता ती बाहेर आली, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं की ही तुम्हाला कुठे मिळाली. मी सांगितलं. दाखला मीच दिला म्हटलं.  ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि मला सांगितलं ते असं.

तिचे सासरे अकरा वर्षांपूर्वी वारले. तिने स्वतः त्यांना शेवटची आंघोळ घातली होती. गेल्या शुक्रवारी दुपारी बेल वाजली तर दारात ते. हातात कागद. चपलांच्या कपाटाशी वाकून त्यांनी बूट काढले, कपाटात ठेवले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. तिचा नवरा धावत कामावरून आला आणि वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. त्याला आनंदच झाला. तेव्हापासून तो कामावर गेलेला नाही. वडिलांशेजारी बसून असतो. ते जेवत नाहीत, झोपत नाहीत, जागचे हलत नाहीत. दर थोड्या वेळाने एकच विचारतात, आज तारीख काय. सांगितली की मान हलवतात. अंग गार आहे, म्हणाली, माठासारखं. तिने मुलांना आईकडे पाठवलंय.

दाराच्या फटीतून मला खुर्चीची पाठ दिसली आणि पांढरी कॉलर. आतून आवाज आला, आज तारीख काय. तोच आवाज.

तिने माझा हात धरला. तुम्ही सरकारी माणूस, म्हणाली, दिलेला कागद परत घेता येतो का. मी म्हटलं, बघते. बघायचं काय? दाखला द्यायचा नियम आहे, परत घ्यायचा नियमच कुणी केला नाही. कुणाला गरज पडली असेल?

उतरताना तिला विचारलं, बेल किती वाजता वाजली. बाराला दहा कमी, म्हणाली. नक्की, कारण तिने नुकताच कुकर लावला होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस स्वतःला समजावलं की सुनेचं डोकं फिरलंय, आणि ते कुणी दुसरेच आजोबा असतील. आज साडेअकराला दोघं आले. एक कापडी पिशवीवाल्या आजी आणि एक उंच गृहस्थ, कानात यंत्र. हयातीचा दाखला हवा. मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहून जाळीला लावलं: हयातीचे दाखले इथे मिळत नाहीत. त्यांनी वाचलं. बाकावर बसले.

काकांना विचारलं, आत्ता आत कोण गेलं. काकांनी विडी विझवली. मग म्हणाले, बाई, मी त्यांच्याकडे बघत नाही. बघितलं की ते बघतात. म्हणून मी आत येत नाही. गुडघे माझे ठणठणीत आहेत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज सात.

साहेब पाहणीला आले. त्यांना मी सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं सांगता येतं तेवढं. ते ऐकता ऐकता पहिल्या बाकावर टेकले, दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध. त्यांना दिसत नाही. बसल्यावर मात्र दंड चोळले, इथे गारवा छान आहे म्हणाले. म्हणाले, तुम्हाला चित्रकाराचा धक्का बसलाय, साहजिक आहे. पण इमारत वापरात दिसली पाहिजे. रिकामी दिसली की वरून विचारणा होते. मग रजा घ्या म्हणाले, दोन-तीन दिवस.

साहेबांना वाईट म्हणणार नाही. त्यांच्याकडे अशा बावीस इमारती आहेत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बारा. ओळीने, बाकं सोडून आता खिडकीसमोर उभे. कुणी कुणाला ढकलत नाही. कुणी खोकत नाही. मी समोर बसून गाऊनची बटणं मोजून देते, शिवणबाईंना तेवढीच मदत. 

मी रोज ओळ वरून खाली बघते. माझे मिस्टर जाऊन वीस वर्षं झाली, तरी बघते. ते नाहीत. त्यांचं घड्याळाचं दुकान होतं, पेन्शन कुठली. मला बरं वाटलं की वाईट, ते ठरवता आलं नाही.

२ मार्च, रविवार

सुनेचा फोन. आता नवराही तारीख विचारतो. दोघं आळीपाळीने. त्यानेही खाणं सोडलं. ती आईकडे जाते आहे. दार नुसतं ओढून घेणार, कुलूप लावायला हात होत नाही म्हणाली.

उद्यापासून तीन दिवस रजा. लेकीकडे जाते. फार दमले आहे. झोपून उठलं की जास्त दमते.

६ मार्च, गुरुवार

मी रजा घ्यायला नको होती.

परवा शिवणबाई माझ्या टेबलावर कात्री शोधायला आल्या. खिडकीपलीकडे पिशवीवाल्या आजी होत्या. आजी म्हणाल्या, बाई नाहीत तर तू दे गं पोरी, किती दिवस उभी राहू. शिवणबाईंना त्यांच्या सासूची आठवण झाली. खण उघडाच होता. त्यांनी फॉर्म भरला, माझ्या नावाखाली स्वतःची सही केली, शिक्का मारला. पुण्य लागेल असं वाटलं म्हणाल्या.

मागच्या खोलीत जाऊ मशीनवर होती. मशीन चालूच राहिली. पाय पायडलवर होता, तो थांबायला थोडा वेळ लागला. गाऊनची बाही शेवटपर्यंत सरळ शिवली गेली आणि मग कापड संपल्यावर सुई नुसतीच—

शिवणबाई आज आल्या होत्या. त्यांचा तो दणदणीत आवाज कुठे गेला कळलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, एक दाखला दिला की छपराखालचं दुसरं एक जिवंत माणूस जातं तेही. वाटलं, त्या मला शिव्या देतील, मी आधी का नाही बोलले म्हणून. त्यांनी विचारलं एवढंच, म्हणजे मीच मारली का तिला.

 

७ मार्च, शुक्रवार

मशीनी हलवल्या. टेम्पो आला, बायका रडत रडत भरत होत्या. शिवणबाई ओळीच्या मधून चालत बाहेर गेल्या, डोळे मिटून, हाताने बाकं चाचपत. माणसं बाजूला झाली त्यांच्यासाठी. फार सभ्य आहेत ती. कधीकाळी कुणी शाळेत शिकवलं, कुणी टपाल वाटलं.

आता छपराखाली मी एकटी. एकोणीस जणांची ओळ.

१० मार्च, सोमवार

साहेबांचा फोन. खोल्या रिकाम्या झाल्याचं कळलं, काळजी करू नका म्हणाले, सोय झाली. येत्या सोमवारपासून पाळणाघर येतंय. अठ्ठावीस मुलं. दोन मदतनीस बायका खिडक्यांमागे बसतील. त्या बायका मऊ मनाच्या असणार. पाळणाघरात दुसऱ्या कुणाला ठेवतात?

मी ओरडले. नको म्हटलं, नको, नको. साहेब म्हणाले, तुमच्या रजेचं मी बघतो.

शिक्का आणि फॉर्म घरी घेऊन जाते आज. इथे नसले म्हणजे झालं.

११ मार्च, मंगळवार

घरी—

सकाळी दार उघडलं तर जिन्यावर. पायरीला एक, खालपर्यंत. वरच्या पायरीवर कानयंत्रवाले. नमस्कार केला त्यांनी. शेजारची सून दुधाची पिशवी घेऊन त्यांच्यातून वर आली, दंड चोळत, केवढं गार पडलंय म्हणाली. तिला सातवा महिना आहे.

शिक्का पिशवीत टाकला. पळत खाली. परत इथे. ते मागून आले. घाई नाही त्यांना.

१२ मार्च, बुधवार

ओळीत रंगारी.

शेवटचा. नखांत अजून निळा रंग. त्याला कुठली पेन्शन? पण गेला तो इथेच—

बघितलं मी. त्यानेही बघितलं.

१३ मार्च, गुरुवार

बाकीच्यांनी त्याला पुढे सोडलं. खिडकीशी आला. दाखला मागितला नाही त्याने. विचारलं, बाई, मुलगी आता धरून उभी राहते का.

मी म्हटलं, माहीत नाही रे. खरंच नाही माहीत.

तो म्हणाला, बरं.

नंतर दिवसभर तिथेच. उभा. मीही.

त्या आजोबांची अकरा वर्षं म्हणजे फार होतात. अकरा वर्षांत माणूस आतून वाळतो. पण याला महिनाही झाला नाही. हा तसा नसेल होणार. हा जेवेल. हा मुलीला उचलेल. मीच त्याला— सही माझी होती. दुसऱ्या कुणाची नव्हती.

१४ मार्च, शुक्रवार, सकाळ

लेकीचा फोन. माझा आवाज ऐकून घाबरली. आज गाडी घेऊन येते म्हणाली, हात धरून नेणार. मी बजावलं, आत यायचं नाही. चौकात थांब, मी येते. तीन वेळा वदवून घेतलं तिच्याकडून.

काकांना पगारी सुट्टी दिली असं खोटं सांगून घरी पाठवलं. जाताना त्यांनी पहिल्यांदा पायरीवर हात टेकून नमस्कार केला. मला की इमारतीला, कळलं नाही.

मागच्या आवारात पत्र्याच्या डब्यात फॉर्म जाळतेय. पाच-पाच. जळताना आतून सगळे बघतात. कुणी अडवत नाही. एकेक जण कमी होतोय— खरंच होतोय. कानयंत्रवाले गेले. जाताना हात जोडले. रागावलेले नव्हते. दमलेले होते.

हे आधी का नाही सुचलं मला.

अकरा वाजता

सगळे जळले. एक सोडून.

हॉलमध्ये तो एकटाच. बाकावर नाही बसत. उभा.

एकच फॉर्म. हा जाळला की संपलं. सोमवारी मुलं येतील, रंगीत चटया घालतील, काही होणार नाही. जाळायला नेला, काडी पेटवली— त्याच्याकडे बघितलं.

छपराखाली मी एकटी आहे. पुढचं दार मी आतून लावलंय. मागचं ओढून घेतलंय. दुसरं कुणी नाही. जायचं ते माझंच जाईल. छप्पन्न वर्षं झाली, पुष्कळ झाली. लेक मोठी आहे, तिचं घर आहे. याची अजून उभी राहायला शिकतेय. हिशोब सोपा आहे.

तो नीट होईल. महिनाही झाला नाही.

अकरा वीस

नाव लिहिलं. पत्ता लिहिला. सदर व्यक्ती आज माझ्यासमोर हजर— सही केली. 

शिक्का राहिलाय. त्याआधी हे लिहून ठेवते, म्हणजे कुणी शिवणबाईंना विचारत बसणार नाही. पाळणाघरवाल्यांनी हे वाचावं. खिडकी तीन भिंत घालून बुजवून टाकावी.

भीती वाटत नाही. झोप येते तसं वाटतंय.

त्याने दोन्ही हात पुढे केलेत. जाळीतून. रंग गेलाय नखांतला. बघतोय माझ्याकडे, आणि आता विचारतोय—

तारीख विचारतोय.

नको. नाही मारायचा. फाडते हा— हातातून सुटत नाही शिक्का. सुटत का नाही

मागचं दार. वाजलं मागचं दार. कडी मी लावली नव्हती, नुसतं ओढलं होतं— आई म्हणून हाक— चौकात थांब म्हटलं होतं ना गं, तीन वेळा— आत नको येऊस, तिथेच थांब, माझा हात खाली जातोय, मी नाही नेत, तो आपला आपण